जेसीबीची सीट आणि खालची कैची

कुठल्याही मशीन-मालकाला झोपेतून उठवून विचारा, इंजिन ऑइल कधी बदललं? अवर मीटरचा आकडा तोंडपाठ असतो. बकेटचे दात कधी टाकले, पिन-बुश कधी केले, मागचे टायर कुणाकडून घेतले, सगळं सांगेल. सीटचं विचारलं की म्हणतो, "सीट? हाय की." विषय संपला.

दात झिजले की खोदाई मंदावते, डिझेल जास्त जातं, मालकाच्या खिशाला लगेच कळतं. सीट झिजली की ऑपरेटरच्या कमरेला कळतं, आणि ऑपरेटरच्या कमरेला मालकाच्या वहीत रकाना नसतो. सात-आठ हजार तास चाललेल्या मशीनचं इंजिन एकदा खोललेलं असतं, हायड्रॉलिक पंप उतरून परत चढलेला असतो, आणि सीट मात्र शोरूममधून आली तीच. तिच्यावरची चादर तेवढी दर दिवाळीला नवी.

मी कोल्हापुरात हायवेच्या बाजूला सीटचं दुकान चालवतो. बोर्डावर 'कुशन वर्क्स' लिहिलंय ते वडिलांच्या वेळचं. ते ट्रकच्या आणि वडापच्या जीपच्या गाद्या शिवायचे. मी आयटीआयला फिटर केलं, त्यामुळं शिलाई मशीनच्या शेजारी व्हाइस आणि ग्राइंडर आला आणि मी गादीखालच्या लोखंडातही हात घालायला लागलो. हल्ली निम्म्याहून जास्त काम जेसीबी, पोकलेन, रोलर आणि ट्रॅक्टरच्या सीटांचं असतं. आणि येणारा जवळजवळ प्रत्येक गडी एकच वाक्य घेऊन येतो: नुसतं कव्हर घालून द्या.

या उन्हाळ्यात कागलकडचे एक मालक आले. बोलेरोच्या हौद्यात फक्त सीटची वरची गादी, नट खोलून सुटी करून आणलेली.

"मिस्त्री, रेक्झिन चांगलं जाड घाला. आणि फोम जरा वाढवा. पोरगं सारखं कंबर दुखतीय म्हणून बसतंय."

"खालचा सांगाडा कुठाय?"

"त्यो मशीनवरच हाय. त्येला काय झालंय?"

"काय झालंय त्येच बघायचंय. सगळी सीट घेऊन या. आणि जमलं तर पोराला पण आणा."

मालकाला ते पटलं नाही हे चेहऱ्यावर दिसत होतं. एक दिवस मशीन उभं राहणार म्हणजे आमच्याकडच्या हजार-बाराशे रुपये तासाच्या भावानं आठ-दहा हजार बुडाले, असा हिशेब त्यांनी तिथंच उभ्या उभ्या केला. शेवटी पाऊस येऊन रान ओलं झालं, काम आपसूक थांबलं आणि सीट आली. पोरगंही आलं.

आता ही सीट मुळात एवढी भानगडीची का असते, ते आधी सांगतो, कारण ते कळलं की बाकीचं आपोआप कळतं. ट्रकला पाटे असतात, कारला कॉइल असते. बॅकहो लोडरला, म्हणजे आपण ज्याला सरसकट जेसीबी म्हणतो त्याला, यातलं काहीच नाही. मागचा एक्सल थेट चासीला बोल्टनं आवळलेला. पुढचा एक्सल मधल्या पिनवर डावी-उजवीकडं झुलतो, पण तो खाचखळग्यात चारही चाकं टेकलेली राहावीत म्हणून. धक्का खायचं काम त्याचं नाही. साडेसात टनांच्या आसपासचं धूड नुसत्या टायरातल्या हवेवर उभं असतं. खोदताना स्टॅबिलायझर, म्हणजे मागचे आधाराचे पाय, टेकवले की टायरसुद्धा हिशेबातून गेले, आणि खोदायच्या हाताला बकेटऐवजी खडक फोडायचा ब्रेकर लावला असेल तर काळ्या पाषाणावरचा प्रत्येक ठोका लोखंडातून लोखंडात येत येत केबिनपर्यंत पोहोचतो. जमीन आणि ऑपरेटरचा मणका यांच्यामध्ये धक्का गिळणारी म्हणावी अशी एकच वस्तू उरते, ती म्हणजे सीट. तीच जाम झाली की माणूस चासीवर बसल्यात जमा.

उभ्या धक्क्यांपैकी सेकंदाला साधारण चार ते आठ वेळा बसणारे धक्के माणसाच्या धडाला सगळ्यात जास्त लागतात. धड त्याच लयीत स्वतः थरथरायला लागतं, पोट आणि मणका वेगवेगळे हलायला लागतात. अंगाला बसणारी ही थरथर कशी मोजायची त्याचं मानक आहे, आयएसओ २६३१. युरोपात २००२ साली यावर निर्देशच निघाला. आठ तासांच्या कामाला सरासरी थरथर ०.५ मीटर प्रति सेकंद वर्गाच्या वर गेली की मालकानं उपाय सुरू करायचे, आणि १.१५ ही कमाल हद्द, ती ओलांडायचीच नाही. आमच्याकडं हद्द म्हणजे ऑपरेटर काम सोडून दुसऱ्याच्या मशीनवर जातो, ती.

सस्पेन्शनच्या सीटखाली कैची असते. दोन्ही बाजूंना दोन-दोन पट्ट्या, फुली मारावी तशा आडव्या-तिरप्या, मधे पिन. पट्टीचं एक टोक जागेवर फिरतं, दुसऱ्या टोकाला नायलॉनचा रोलर, तो पत्र्याच्या चॅनेलमध्ये मागं-पुढं पळतो. वजन पेलायला स्प्रिंगा, आवरायला छोटा शॉकअप, वर-खालच्या टोकाला रबराचे ठोकळे, आणि धूळ आत जाऊ नये म्हणून सगळ्याभोवती घड्यांचा रबरी बूट. पुढच्या बाजूला वजनाचा नॉब, त्यावर बहुतेक ५० ते १२० किलोपर्यंतच्या खुणा. ज्याचं जेवढं वजन तेवढ्यावर नॉब आणला की माणूस बसल्यावर सीट आपल्या प्रवासाच्या मधोमध थांबते. खाली जायलाही जागा राहते, वर यायलाही.

हा नॉब शोभेचा नाही. अर्थमूव्हिंग मशीनच्या सीटांसाठी आयएसओ ७०९६ नावाचं वेगळं मानक आहे. त्यात सीट हलत्या टेबलावर ठेवून तपासतात, आणि तपासताना तिच्यावर एकदा पंचावन्न किलोच्या आतला माणूस बसवतात, एकदा शंभरीच्या आसपासचा. दोघांनाही ती सीट चालली पाहिजे. आणि दोघांना ती चालते ती त्या नॉबच्या जोरावरच.

कागलच्या सीटची गोष्ट इथंच लपलेली होती.

मी सीट लोखंडी घोडीवर बसवली आणि मालकांना म्हटलं, बसा. वजनानं शंभरीच्या अलीकडचे असतील. ते बसले, सीट कुरकुरत बोटभर खाली गेली. मग पोराला बसवलं. झारखंडचा, गिरिडीहकडचा, अंगानं काडी, रेशन दुकानातल्या काट्यावर ५४ किलो भरलेला. तो बसला आणि सीट हललीसुद्धा नाही. मी खांद्यावर दाबून बघितलं, तरी नाही.

"झटका सीधा कमर में आता है," तो म्हणाला. "इसलिए कंबल डाला था."

आधीचा ऑपरेटर कोण होता विचारलं. मालक हसले. तालमीतला गडी होता म्हणे, दोन माणसांचं खायचा. म्हणजे नॉब त्याच्या वजनावर वरपर्यंत ताणलेला, आणि तिथंच गंजून बसलेला. पोरगं आल्यापासून स्प्रिंगांना त्याचं वजनच कळत नव्हतं. सीट कायम वरच्या ठोकळ्याला टेकलेली, प्रत्येक खड्ड्याचा दणका जसाच्या तसा वर. कंबल घातली की चार इंच उंची वाढली, पाय पेडलपर्यंत पोहोचेनात, मग पोरगं पुढं सरकून नुसत्या कडेवर बसायचं, पाठ टेकायचीच नाही. यावर मालकांचा उपाय होता, फोम वाढवा.

गादी उसवायला घेतली. मला हे काम आवडतं, कारण झिजलेल्या गादीत ऑपरेटरचा सगळा हिशेब लिहिलेला असतो. डावी कड जास्त दबलेली असली तर गडी डावीकडच्या दारानं चढतो आणि चढताना त्या कडेवर आदळतो. टेकूच्या उजव्या कडेचं रेक्झिन घासलेलं असलं तर मागं घेताना सीट न फिरवता मान वळवून काम भागवतो. मागच्या खिशातल्या पाकिटाचा चौकोनी खड्डा तर कितीतरी सीटांत मिळतो, आणि त्या पाकिटामुळं कंबर वाकडी बसते हे सांगितलं की लोकांना मी डॉक्टरकी करतोय असं वाटतं.

या गादीत वरचा थर गुलाबी निघाला. मिनिटभर मला कळेना. मग लक्षात आलं, गुलाल. आमच्याकडं ग्रामपंचायतीचा निकाल लागला की जेसीबीच्या बकेटमधून गुलाल उधळतात. तो केबिनमध्ये गेला, शिवणीतून आत झिरपला, घामानं आणि वॉशिंग सेंटरच्या पाण्यानं फोममध्ये मुरला. त्याच्या खालचा फोम तपकिरी, बोटानं चोळला की पीठ. पत्र्याच्या तळात तंबाखू-सुपारीचा मावा बांधायच्या प्लॅस्टिकचे तुकडे, विडीची थोटकं, दोन रुपयांचं नाणं, आणि उंदरानं कातरलेल्या फोमचं घरटं. पोरगं मावा खात नाही, त्यामुळं तो ऐवज पैलवानाचाच असणार.

मशीन धुताना प्रेशरचा पाइप केबिनमध्ये मारतात, हा फोमचा सगळ्यात मोठा शत्रू. रेक्झिनमधून पाणी जात नाही, पण शिवणीच्या भोकाभोकातून जातं आणि आत गेलेलं पाणी रेक्झिनमुळंच बाहेर येत नाही. वरून कोरडी दिसणारी गादी आत आठवडाभर ओली राहते. पत्रा तिथूनच गंजतो. केबिन ओल्या फडक्यानं पुसा, एवढंच.

आता खालची कैची. रबरी बूट दोन ठिकाणी फाटलेला, एका बाजूला तारेनं आवळलेला. आत बघितलं तर चॅनेलमध्ये ग्रीस ठासून भरलेलं. हेल्परची सेवा. बकेटच्या पिनांना रोज ग्रीस मारतो, तर इथंही मारलं. पिनांना ग्रीस लागतंच, कारण तिथं दाबानं जुनं ग्रीस घाण घेऊन बाहेर पडतं. नायलॉनच्या रोलरला मात्र ते नको असतं. उघड्या चॅनेलमधलं ग्रीस बाहेर पडत नाही, धूळ धरून ठेवतं, आणि धूळ मिसळलेलं ग्रीस म्हणजे व्हॉल्व्ह घासायची पेस्ट. रोलर गोल राहिले नव्हते, एका बाजूनं चपटे. फिरायच्या ऐवजी फरफटत होते. पिना मधोमध कमरेत बारीक झालेल्या, भोकं लांबट. शॉकअप हातानं दाबून बघितला, निवांत आत गेला आणि तितक्याच निवांत बाहेर आला, तेल कधीचं गळून गेलेलं.

शॉकअपवर थोडं थांबतो, कारण सगळ्यात जास्त वाद याच्यावर होतात. लोक म्हणतात, स्प्रिंग चांगली आहे ना, मग झालं. स्प्रिंग धक्का खाते, पण खाल्लेला परत देते. तो परत देताना आवरायचं काम शॉकअपचं. सस्पेन्शन सीटची स्वतःची एक लय असते, साधारण सेकंदाला दीड-दोन हेलकाव्यांची. त्याहून बरेच जलद धक्के ती वरच्या वर गिळते. पण रिकामी बकेट घेऊन मशीन डांबरीवरून एका गावातून दुसऱ्या गावाला पळवलं की ते टायरांवर जवळपास त्याच संथ लयीत उसळायला लागतं. अशा वेळी शॉकअप मेलेली सीट धक्का कमी करत नाही, वाढवते. ऑपरेटर स्टेअरिंगला धरून उडत येताना दिसतो ना रस्त्यानं, ते हेच. मोटरसायकलचा जुना शॉकअप कापून घालणारे मिस्त्री आहेत. त्यात स्प्रिंग वेगळी, आवरायचा जोर वेगळा, प्रवास वेगळा. मी घालत नाही. त्याच मापाचा सीटचाच मिळवतो, चार दिवस लागले तरी चालतील.

कैचीच्या पट्ट्या आधी डिझेलनं धुतल्या. मग तडा बघायची जुनी पद्धत: संशयाच्या जागी रॉकेल लावायचं, मुरू द्यायचं, कोरडं पुसून वर खडू चोळायचा, आणि हातोडीनं हलके टिचके मारायचे. तडा असेल तर आत शिरलेलं रॉकेल बाहेर येतं आणि पांढऱ्या खडूवर केसासारखी ओली रेघ उमटते. डाव्या बाजूच्या पट्टीला पिनच्या भोकापासून निघालेली नखाएवढी रेघ दिसली. मालकांना बोलावून दाखवली. त्या क्षणापर्यंत ते मनात "मिस्त्री काम वाढवतोय" म्हणत असणार. रेघ बघितल्यावर बोलणं बदललं.

अशा वेळी वेल्डिंगचा मोह होतो. पट्टी जाड असेल, तडा टोकाला असेल तर व्ही आकाराची खाच काढून वेल्ड चालतो. भोकाच्या कडेचा तडा वेल्डनं दाबला तर शेजारून परत निघतो. उद्यमनगरातल्या वर्कशॉपमधून त्याच जाडीची नवी पट्टी कापून, भोकं रीमर करून आणली, पिना ईएन-८ पोलादाच्या टर्न केल्या, रोलर कास्ट नायलॉनच्या रॉडमधून लेथवर काढले. रोलर चॅनेलमध्ये अगदी घट्ट नको. नायलॉन उन्हात फुगतं, आणि मे महिन्यात बंद केबिनमध्ये हात लावू देत नाही इतकं तापतं. थोडी ढिलाई सोडावी लागते. ती किती, हे पहिले काही रोलर अडकल्यावर बोटांना कळायला लागतं.

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगतो. केबिनमध्ये सीटजवळ कसलंही वेल्डिंग करायचं असेल तर गादी आधी बाहेर काढा. पीयू फोम पेटला की थांबत नाही, आणि त्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साइडबरोबर सायनाइडचा वायूही असतो. दोन नट खोलायचा कंटाळा करू नका.

सीट फिरवायची चकती तपासली. बॅकहोच्या ऑपरेटरला दिवसभर तोंड इकडून तिकडं करावं लागतं, पुढं लोडर, मागं खोदाई. त्यामुळं सीटखाली फिरणारी चकती आणि तिला जागेवर अडकवणारा लॉक असतो. हा लॉक झिजला की खोदताना सीट स्वतःहून दोन बोटं सरकते, आणि मग कुणीतरी ती तारेनं बांधतो. माझ्याकडं तार बांधलेल्या सीटा येतात, सुतळीनं बांधलेल्याही आल्यात. सीट बेल्ट सीटच्याच सांगाड्याला असतो. मशीन बांधावरून कलंडलं तर केबिनचा मजबूत सांगाडा माणसाला वाचवतो, पण माणूस केबिनच्या आत राहिला तरच. बेल्ट लावलाय आणि सीटच सुतळीवर आहे, तर बेल्ट कशाला बांधलाय तेच कळत नाही. कागलच्या मशीनचा लॉक सुदैवानं शाबूत होता. साफ केला, स्प्रिंग बदलली, बास.

फोमबद्दल लोकांचा एकच प्रश्न: किती डेन्सिटीचा? डेन्सिटी म्हणजे एका घनमीटरात किती किलो माल आहे, आणि त्यावरून फोम किती वर्षं टिकेल ते कळतं. तो किती कडक लागेल ही वेगळी गोष्ट. चाळीस डेन्सिटीचा फोम मऊही मिळतो आणि कडकही. कंपनीची गादी साच्यात ओतलेली असते, कडा आपोआप उचललेल्या. ती मिळाली तर उत्तमच. नाही मिळाली तर मी थरांनी बांधतो: तळाला तुकड्यांचा दाबलेला फोम, वर चांगल्या डेन्सिटीचा कडक, आणि सगळ्यात वर बोटभर मऊ. कडेच्या पट्ट्या मधल्यापेक्षा कडक, नाहीतर गडी चढता-उतरता महिन्याभरात कड बसवतो. बांधून झाली की वर गुडघा रोवून पूर्ण वजन देतो. खालचा पत्रा गुडघ्याला लागला तर परत खोलायची.

आणि उंची. सीट खोलायच्या आधी मी माणूस बसवून माप घेतो, रिकाम्या सीटचं नाही. मशीन बनवणारे पेडल, लिव्हर, आरसे, बकेटचा दात दिसायची नजर, हे सगळं बसलेल्या माणसाच्या कमरेजवळच्या एका ठरावीक बिंदूवरून आखतात. तो बिंदू दोन इंच वर गेला तर मांडी स्टेअरिंगला लागते, टाच पेडलवरून सुटते आणि पुढच्या बकेटची कड बघायला मान वाकवावी लागते. म्हणून "फोम वाढवा" हे वाक्य ऐकलं की मी आधी नाहीच म्हणतो.

कव्हरचं काम तसं लवकर उरकतं. उन्हात कापड बरं, पण धूळ, डिझेल, ऑइल यांत ते चार महिन्यांत काळं ठिक्कर. म्हणून कडेला जाड रेक्झिन आणि बसायच्या जागी भोकं पाडलेलं. टाका मोठा ठेवायचा, चार-पाच मिलिमीटरचा. बारीक टाका दिसायला सुबक, पण रेक्झिनला जवळजवळ भोकं पडली की ते तिथूनच फाटतं. नेमक्या बसायच्या जागी आडवी शिवण घालायचीच नाही. चढवताना फोमवर आधी पातळ प्लॅस्टिकची पिशवी घालतो, त्यावरून कव्हर सरसर घसरतं, नाहीतर तासभर ओढाओढ. थंडीत कव्हर आधी उन्हात ठेवायचं, मऊ पडतं.

नवीनच घ्यावी की दुरुस्त करावी, हे मला रोज विचारतात, आणि दुरुस्तीवर माझं पोट असलं तरी उत्तर दर वेळी दुरुस्ती नसतं. चॅनेलचे ओठ उघडले असतील, दोन्ही बाजूच्या पट्ट्यांना तडे असतील, फिरायची चकती डगमगत असेल, तर नवीन घ्या. मूळ कंपनीची किंवा ग्रामर, केएबी असल्या सीटच बनवणाऱ्यांची घेतली तर मशीनच्या पंधरा-वीस तासांच्या कमाईपासून पुढं किंमत जाते, मॉडेलवर आहे. बाजारात त्याच्या निम्म्यात चकचकीत सीटा मिळतात. त्या घ्यायच्या आधी दुकानातच खाली ठेवून त्यावर बसा. बऱ्याच सीटांच्या खाली बूट असतो आणि बुटाच्या आत दोन स्प्रिंगा सोडून काही नसतं. नॉब फिरतो, पण कशालाच जोडलेला नसतो. बोल्टची भोकं जुळत नाहीत, मग पट्टी वेल्ड करून बसवतात आणि उंची परत दोन इंच वर. भंगार बाजारातली जुनी, पण अस्सल सीट यापेक्षा कधीही बरी; तिला रोलर-पिना घातल्या की ती चालते.

ट्रॅक्टरवाल्यांचं निराळं आहे. जुन्या ट्रॅक्टरला लोखंडी पाट आणि खाली एक स्प्रिंग, तेवढ्यावर नांगरटीचे हंगामच्या हंगाम काढलेले लोक आहेत. त्यांना सस्पेन्शन सीट दाखवली की म्हणतात, "आम्हाला काय झोपायचंय का तिच्यावर." त्यांच्यातले कितीतरी पन्नाशीनंतर पट्टा बांधून फिरतात, पण ते ट्रॅक्टरमुळं असं कुणी म्हणत नाही.

कागलची सीट बसवायला मी स्वतः गेलो. रानात, उसाच्या बांधाजवळ मशीन उभं. चारही बोल्ट नवे, डोक्यावर ८.८ हा मजबुतीचा मार्क असलेले, खाली स्प्रिंग वॉशर. पोराला बसवून नॉब ५५ वर आणला, सीट अर्ध्यावर थांबली. नॉबवर पिवळ्या रंगानं एक खूण केली, आणि मालक स्वतः कधीतरी चालवतात म्हणून त्यांच्यासाठी लाल. पोरानं मशीन बांधावरून एक फेरी मारली, उतरला, काहीच बोलला नाही, केबिनमधली कंबल काढून हेल्परच्या अंगावर फेकली.

मालकांना सांगितलं, पन्नास तासांनी चारही बोल्ट परत आवळा, नवा रंग आणि वॉशर दबले की ते ढिले होतात. चॅनेलला ग्रीस लावायचं नाही, बूट फाटला तर तारेनं बांधायचं नाही, मला फोन करायचा. त्यांनी मान डोलावली, बिल बघितलं, त्यातले दोनशे कमी केले आणि विचारलं, "पाठीवर 'आई अंबाबाई प्रसन्न' शिवून मिळंल का?"

मिळंल म्हटलं, पण टेकूच्या वरच्या टोकाला. मधे टाका घालणार नाही. आणि त्याचे पैसे वेगळे.